पुण्यात पहिली गाडी घेताय? मग छोट्या हॅचबॅकचा नीट विचार करा

पहिली गाडी घ्यायचं ठरलं की घरात आधी चर्चा सुरू होते ती मोठ्या गाडीची. सनरूफ पाहिजे, उंच बसायला पाहिजे, चार लोकांत दिसली पाहिजे, आणि असं करत करत सहा लाखांचं बजेट तेरा-चौदा लाखांवर कधी जातं कळतही नाही. माझं म्हणणं सरळ आहे. पुण्यात राहताय आणि पहिल्यांदाच गाडी चालवणार आहात ना, मग छोटी, चांगलं अ‍ॅव्हरेज देणारी हॅचबॅक (मागचं दार काचेसकट वर उघडणारी गाडी) घ्या, आणि गाडी ठरवताना वर्षातून दोनदा होणारी कोकण ट्रिप धरू नका, रोजचा रस्ता आणि रोजचं पार्किंग धरा.

आपल्याकडे हे काही नवीन नाहीये. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली तेव्हापासून स्कूटरवरून गाडीवर येणारं घर हॅचबॅकवरच आलंय. मग १९९८ ला सँट्रो आली, त्याच वर्षी इंडिका आली, आणि इंडिका तर आपल्या पिंपरीच्या कारखान्यातली. ड्रायव्हिंग स्कूलवाले आजही छोट्या हॅचबॅकवरच शिकवतात, म्हणजे बोनेट कुठे संपतं, क्लच किती सोडला की गाडी हलते, हा जो अंदाज तुम्ही तिथे शिकता तो स्वतःच्या गाडीत लगेच कामाला येतो. नव्या माणसासाठी ही फार मोठी गोष्ट आहे, गाडी घेऊन ती भीतीपोटी पार्किंगमध्ये उभी ठेवणारे किती जण आहेत बघा तुमच्याच सोसायटीत.

आधी एक आठवडा लिहून काढा

शोरूमला जायच्या आधी मोबाईलमध्येच नोंद करा, कोण कुठे जातं, किती किलोमीटर, गाडीत किती जण. धायरीवरून कोथरूड, वाकडवरून हिंजवडी, हडपसरवरून खराडी, जे असेल ते. बहुतेक घरांत असं निघतं की सहा दिवस गाडीत एक किंवा दोन माणसं आणि रविवारी चार. पाच धिप्पाड माणसं रोज जाणार असतील, किंवा घरात आजी-आजोबांना गुडघ्याचा त्रास असेल, तर वेगळा विचार करा, त्यातही वॅगनआरसारखी उंच हॅचबॅक बसायला-उतरायला खूप सोपी पडते, खाली वाकून बसावं लागत नाही. महिन्याचे एकूण किलोमीटर लिहून ठेवा, पुढे पेट्रोल की सीएनजी हे त्याच आकड्यावर ठरणार आहे.

मग टेप घेऊन पार्किंगमध्ये जा

ही पायरी कोणीच करत नाही आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची हीच आहे.

कागदावर पार्किंगची जागा साधारण अडीच मीटर बाय पाच मीटर असते, पण पुण्यातल्या जुन्या बिल्डिंगांमध्ये मध्ये पिलर येतो, एका बाजूला पाण्याची मोटर असते, पलीकडे कोणाच्या तरी तीन दुचाक्या. म्हणून प्रत्यक्ष मोकळी जागा मोजा, लांबी, रुंदी, आणि गाडी लावल्यावर दार उघडून माणूस बाहेर पडेल का तेही. ऑल्टो के-१० ची लांबी ३.५३ मीटर आणि रुंदी १.४९ मीटर आहे. वॅगनआर ३.६५ च्या आसपास, टियागो पावणेचारच्या थोडी वर, स्विफ्ट ३.८६ लांब आणि १.७३ रुंद. आणि ज्याला आपण मध्यम एसयूव्ही म्हणतो ती जवळजवळ ४.३ मीटर लांब आणि पावणेदोनपेक्षा जास्त रुंद. ऑल्टो आणि त्या एसयूव्हीत रुंदीचा फरक एक फुटाचा आहे, आणि पिलरच्या शेजारी दार उघडताना तो एक फूट म्हणजे सगळं काही.

कोथरूड, डेक्कन, प्रभात रोड, सहकारनगर इकडे रिडेव्हलपमेंट झालेल्या बिल्डिंगमध्ये राहत असाल तर अजून एक बघा. तिथे हल्ली पझल पार्किंग असतं, गाडी लोखंडी पॅलेटवर चढवायची आणि ती वरखाली होते. या पॅलेटला लांबी, वजन आणि उंची तिन्हीची मर्यादा असते आणि ती शेजारच्या पाटीवर लिहिलेली असते, त्या पाटीचा फोटो काढूनच शोरूमला जा. कारण इथे हॅचबॅक म्हणून आंधळेपणाने घेऊन पण चालत नाही, वॅगनआर १.६७ मीटर उंच आहे आणि ऑल्टो, स्विफ्ट १.५२ च्या आसपास, त्यामुळे कमी उंचीच्या कप्प्यात स्विफ्ट जाईल पण वॅगनआर अडेल असं होऊ शकतं. पॅलेटवर चढताना दोन्ही बाजूंना लोखंडी कडा असतात आणि चाक त्याच्या आत बसवावं लागतं, अरुंद गाडीला दोन्हीकडे चार बोटं जास्त मिळतात, आणि रोज रात्री दमून घरी आल्यावर त्या चार बोटांचं महत्त्व कळतं.

रस्त्यावर पण तेच. सदाशिव, नारायण, शनिवार पेठेतल्या बोळात समोरून टेम्पो आला की कोणालातरी मागे जावंच लागतं. ऑल्टो साडेचार मीटरच्या टर्निंग रेडियसमध्ये वळते, स्विफ्ट ४.८ मध्ये, मोठ्या एसयूव्ह्यांना पाचाच्या वर लागतात, म्हणजे जिथे छोटी गाडी एका दमात यू-टर्न घेते तिथे मोठीला एकदा तरी रिव्हर्स मारावा लागतो आणि मागे हॉर्न सुरू.

पैशांचं गणित: एक्स-शोरूम विसरा, ऑन-रोड विचारा

एक्स-शोरूम म्हणजे नुसती गाडीची किंमत, ऑन-रोड म्हणजे टॅक्स, इन्शुरन्स सगळं धरून. चार मीटरच्या आत लांबी आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या आत असेल तर ती सरकारच्या हिशोबात छोटी गाडी, २००६ पासून तिला कर कमी आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून तर अशा गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, त्याआधी २८ टक्के आणि वर १ टक्का सेस होता. मोठ्या गाड्यांना ४० टक्के लागतो. त्यामुळे छोट्या गाडीतला फरक आता चांगलाच जाणवतो.

त्यावर महाराष्ट्राचा रोड टॅक्स, वैयक्तिक नावावर दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला ११ टक्के. म्हणजे सहा लाखांच्या गाडीला ६६ हजार फक्त टॅक्सचे. मग इन्शुरन्स. नवीन गाडीला थर्ड पार्टी तीन वर्षांचा एकदम भरावा लागतो, २०१८ पासूनचा नियम आहे. तोही इंजिनच्या साइजवर, २०२२ साली ठरलेल्या दरांत १००० सीसीच्या आत तीन वर्षांचे साडेसहा हजार आणि १००० ते १५०० ला साडेदहा हजार, असे जीएसटी सोडून. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग वेगळा, आणि नवीन ड्रायव्हरने त्यात झिरो डेप (पार्ट जुना झाला म्हणून क्लेममधून पैसे न कापणारं कव्हर) नक्की घ्यावं असं माझं ठाम मत आहे कारण पहिल्या वर्षात बंपर कुठेतरी घासणारच. इन्शुरन्स शोरूममधूनच घ्यायची सक्ती नसते, बाहेरचं कोटेशन काढून समोर ठेवा, लगेच त्यांचा आकडा खाली येतो.

कोटेशनमध्ये हँडलिंग चार्जेस, लॉजिस्टिक्स असल्या नावाने काही लावलं असेल तर ते कशाचे ते विचारा आणि काढायला सांगा. अ‍ॅक्सेसरीजचं पॅकेज गळ्यात मारत असतील तर नाही म्हणा, मॅट आणि सीट कव्हर नाना पेठेत आरामात मिळतात.

लोनचं म्हणाल तर हप्ता कमी दिसतो म्हणून सात वर्षं करू नका. पाच लाखांचं लोन ९ टक्क्यांनी सात वर्षांसाठी घेतलं तर हप्ता साधारण ८,०५० येतो आणि पाच वर्षांसाठी १०,३८०, पण सात वर्षांत व्याजाचे पन्नास हजारांच्या वर जास्त जातात. गाडी छोटी असेल तर पाच वर्षांचा हप्ता झेपतो, हाच तर तिचा फायदा.

अ‍ॅव्हरेज: छापलेलं आणि खरं

ब्रोशरवर जे २४-२५ चं अ‍ॅव्हरेज लिहिलेलं असतं ते लॅबमध्ये गाडी रोलरवर ठरलेल्या पद्धतीने चालवून काढलेलं असतं. एआरएआय, गाड्यांची चाचणी करणारी आपल्या वेताळ टेकडीवरचीच संस्था, १९६६ पासूनची, तिच्या नावानेच लोक त्या आकड्याला ओळखतात. आकडा खोटा नाहीये, पण त्या चाचणीत वाकड पुलाखाली वीस मिनिटं फर्स्ट-सेकंड करत सरकणं नसतं. त्यामुळे तो आकडा दोन गाड्यांची तुलना करायला वापरा, महिन्याचा खर्च काढायला नको. खर्च काढताना शहरात छोट्या पेट्रोल हॅचबॅकला १५-१६ धरा, हायवेला २० च्या पुढे. आणि हल्ली पंपावर ई-२० पेट्रोल मिळतं, २० टक्के इथेनॉलवालं, त्याने अ‍ॅव्हरेज थोडं कमीच होतं, तेही डोक्यात ठेवा.

छोटी गाडी कमी का पिते याचं कारण वजन. ऑल्टो साडेसातशे किलोच्या आसपास, एसयूव्ही बाराशे-तेराशे. पुण्यात दर शंभर मीटरवर थांबायचं आणि पुन्हा निघायचं, म्हणजे दर वेळी तेवढं वजन शून्यापासून हलवायचं. म्हणून फरक हायवेपेक्षा शहरात जास्त पडतो, आणि तुम्ही तर शहरातच चालवणार आहात.

आता हिशोब करा. महिन्याला १००० किलोमीटर, पेट्रोल १०५ रुपये धरा. १६ च्या अ‍ॅव्हरेजने साडेसहा हजार. तेच ११ देणाऱ्या मोठ्या गाडीला साडेनऊ हजार. सीएनजी ९० रुपये किलो आणि २४ किलोमीटर धरलं तर पावणेचार हजार. म्हणजे पेट्रोल हॅचबॅकपेक्षा सीएनजीत महिन्याला २,८०० वाचले, आणि सीएनजी मॉडेल साधारण नव्वद हजारांनी महाग असतं म्हणजे पावणेतीन वर्षांत वसूल. पण महिन्याला ४०० किलोमीटरच होत असतील तर त्याच वसुलीला साडेसहा वर्षं लागतात, मग कशाला हवंय, सरळ पेट्रोल घ्या.

सीएनजी घ्यायच्या आधी दोन गोष्टी. एक, तुमच्या रोजच्या रस्त्यावर पंप आहे का आणि संध्याकाळी तिथे रांग किती असते हे स्वतः जाऊन बघा. दोन, सिलिंडर डिकी खातो. वॅगनआरची डिकी ३४१ लिटर आहे पण सिलिंडर बसला की एक बॅग पण नीट मावत नाही, टाटाने २०२३ पासून टियागोत दोन छोटे सिलिंडर डिकीच्या तळाशी बसवायला सुरुवात केली, त्यात थोडी जागा उरते. शिवाय पॉवर कमी होते, मारुतीचं एक लिटरचं इंजिन पेट्रोलवर ६७ पीएस आणि सीएनजीवर ५७, चार माणसं आणि एसी घेऊन दिवे घाट चढताना ते जाणवतं, तिथे सरळ पेट्रोलवर टाकायची. आणि दर तीन वर्षांनी सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी), ती चुकवू नका.

हॅचबॅकची डिकी

मागचं दार काचेसकट वर उघडतं आणि मागची सीट पुढे पाडता येते, म्हणून छोटी असूनही ही गाडी सामानाला सेडानपेक्षा बरी पडते. मार्केट यार्डातून आंब्याच्या पेट्या आणायच्या, गणपती आणायचा (मूर्ती उभी, सरळ, दोन्हीकडून उशा लावून), मुलीची सायकल दुरुस्तीला न्यायची, सगळं होतं. मॉडेल बघायला जाल तेव्हा सीट स्वतः पाडून बघा, बेस मॉडेलमध्ये बऱ्याचदा अख्खी एकच सीट पडते, अर्धी-अर्धी पडत नाही.

मॅन्युअल की एएमटी

रोज हिंजवडी, खराडी किंवा मगरपट्टा असेल तर एएमटी (क्लच न दाबता आपोआप गिअर बदलणारी) घ्या, डावा पाय वाचतो. पन्नास-साठ हजार जास्त जातात आणि अ‍ॅव्हरेज कमी होत नाही. चढावर एएमटी जराशी मागे सरकू शकते म्हणून हिल होल्ड (चढावर निघताना गाडी क्षणभर धरून ठेवणारी सोय) आहे का ते बघा. बाकीच्यांनी मॅन्युअल घेतली तरी काही बिघडत नाही.

सेफ्टीबद्दल स्पष्ट बोलूया

छोट्या गाडीची खरी कमजोरी इथे आहे आणि ती लपवून उपयोग नाही. गाड्या धडकवून सुरक्षेचे स्टार देणाऱ्या ग्लोबल एनकॅप संस्थेने २०२३ मध्ये वॅगनआरला एक आणि ऑल्टो के-१० ला दोन स्टार दिले होते, टियागोला २०२० मध्ये चार मिळाले होते. २०२५ मध्ये मारुतीने ऑल्टो, सेलेरिओ, वॅगनआर या सगळ्यांत सहा एअरबॅग दिल्या ते चांगलंच झालं, पण एअरबॅग वाढल्या म्हणजे गाडीचा सांगाडा बदलला असं नाही. आपली भारत एनकॅप चाचणी ऑक्टोबर २०२३ पासून सुरू आहे, घ्यायच्या मॉडेलचा निकाल तिथे आला आहे का ते बघा आणि बजेट थोडं वाढवायचंच असेल तर सनरूफसाठी नाही, इथे वाढवा. ईएसपी (गाडी घसरायला लागली की सावरणारी यंत्रणा) पाहिजेच. लहान मूल असेल तर आयसोफिक्स (मुलाची सीट पक्की बसवायचे हुक). मागे बसणाऱ्यांनी पण बेल्ट लावायचा, पेठेतल्या पेठेत जात असलात तरी.

महिन्यातून चार वेळा एक्सप्रेसवेने मुंबई करणार असाल तर एकदम बेसिक हॅचबॅक घेऊ नका, टियागो किंवा अल्ट्रोझच्या वर्गातली जड, मजबूत गाडी घ्या. रोजचा रस्ता धरा म्हणतो ते याच्यासाठीच.

टेस्ट ड्राइव्ह आपल्या रस्त्यावर

शोरूमचा माणूस तुम्हाला सपाट, मोकळ्या रस्त्यावर एक चक्कर मारून आणतो. त्याने काही कळत नाही. त्याला सांगा, माझ्या घरापर्यंत जाऊया. चढावर गाडी पूर्ण थांबवा, चांदणी चौकाकडे जाणारा चढ चालेल किंवा कात्रजची सुरुवात. हँडब्रेक ओढा, फर्स्ट टाका, क्लच हळूहळू सोडा, एका जागी गाडीचं नाक किंचित उचलल्यासारखं वाटतं आणि इंजिनचा आवाज जड होतो, तिथे पाय स्थिर ठेवून हँडब्रेक सोडा. गाडी मागे न जाता पुढे निघाली पाहिजे. हे तुम्हाला आरामात जमतंय का, क्लच पायाला जड लागतो का, सीट उंच करून समोरचं बोनेट दिसतं का, हे बघा. एसी फुल करून परत तोच चढ. मग सोसायटीत आणा आणि तुमच्या जागेत लावून बघा, सगळ्यात खरी परीक्षा तीच. घरात जे जे चालवणार आहेत त्या सगळ्यांनी चालवायची, फक्त एकाने नाही.

जुनी घेत असाल तर

शिकायला जुनी गाडी वाईट नाही. पण पुण्यात एक खास तपासणी करा, पाण्याची. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याच्या पुरात आणि जुलै २०२४ मध्ये सिंहगड रोडला एकतानगरीत कितीतरी गाड्या पाण्यात गेल्या. सीटबेल्ट पूर्ण शेवटपर्यंत बाहेर ओढा, आतल्या टोकाला मातकट रेघ दिसते का. स्टेपनी उचलून खालच्या खड्ड्यात बोट फिरवा, बारीक गाळ तिथे राहतो. पुढची मॅट काढून कार्पेट नाकाला लावून बघा, कुबट वास लपत नाही. सीटखालचे नटबोल्ट गंजलेत का तेही बघा. यातलं काहीही सापडलं तर गाडी कितीही स्वस्त असू दे, सोडून द्या, वायरिंगचा त्रास वर्षानुवर्षं पुरतो.

बाकी, नंबर टाकून चलन बाकी आहेत का ते ऑनलाइन बघा, लोन असेल तर बँकेचा बोजा उतरवून घ्या (फॉर्म ३५), ट्रान्सफरला फॉर्म २९ आणि ३०. पेट्रोल गाडी १५ वर्षांची झाली की पुन्हा पासिंग आणि पर्यावरण कर लागतो, म्हणून बारा-तेरा वर्षं जुनी गाडी घेताना तो खर्च धरूनच भाव करा.

लायसन्स आणि पासिंग

लर्निंग सहा महिने चालतं आणि ३० दिवसांनंतर पक्क्याची टेस्ट देता येते, अर्ज परिवहनच्या साइटवर. पुणे आरटीओवाल्यांची चारचाकीची टेस्ट नाशिक फाट्याजवळच्या ट्रॅकवर होते, तिथे रिव्हर्स आणि चढ नीट जमला पाहिजे. नवीन गाडीचं पासिंग शोरूमच करून देतं, एमएच-१२ की एमएच-१४ हे तुमच्या पत्त्यावर ठरतं. नंबर प्लेट आणि कागद हातात आल्याशिवाय गाडी बाहेर काढू नका.

पहिला महिना

पहिले काही रविवार सकाळी सहाला निघा, कर्वे रोड, लक्ष्मी रोड, बाजीराव रोड, सगळं रिकामं मिळतं आणि कुठे वन-वे आहे ते डोक्यात बसतं. हात बसला की मग खडकवासल्यापर्यंत, आणि त्यानंतर सिंहगडाचा घाट, पण तोही लवकर, गर्दी व्हायच्या आत. उतारावर न्यूट्रल करू नका, कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर तर अजिबातच नाही, सेकंड-थर्डला ठेवा आणि मागच्या ट्रकवर लक्ष ठेवा.

टायरातली हवा दर पंधरा दिवसांनी बघा, किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर लिहिलेलं असतं, पंपावरचा पोऱ्या अंदाजाने ३५ भरतो ते चालवून घेऊ नका. छोट्या गाडीला १३-१४ इंची टायर असतात, बदलायला स्वस्त पडतात, पण हवा कमी ठेवली तर लवकर जातात आणि अ‍ॅव्हरेज पण पडतं. पहिली सर्व्हिस फ्री असते, हजार किलोमीटर किंवा महिना, जे आधी होईल ते.

पेठेत खरेदीला जाताना पी-१, पी-२ च्या पाट्या वाचा, तारखेप्रमाणे बाजू बदलते आणि चुकलात की गाडी उचलतात. त्यापेक्षा मंडईजवळच्या बाबू गेनू वाहनतळात लावा आणि तुळशीबाग, लक्ष्मी रोड चालत करा. सणाच्या दिवसांत तिथेही रांग असते, सकाळी अकराच्या आत पोचलात तर जागा मिळते.